‘फिट’च्या शिक्क्याखाली दडलेले आजार

चिखलीच्या घरकुल वसाहतीत दर रविवारी संध्याकाळी आम्ही कायदेविषयक सल्ल्यासाठी बसतो. विहाराच्या सभागृहात एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा जग, एवढाच आमचा थाट. वंदना आटोपली की लोक आपापल्या पिशव्या घेऊन येतात. कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाचा प्रॉव्हिडंट फंड, तर कुणाला ठेकेदाराने महिन्याचा पगारच दिलेला नसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी एक गृहस्थ आले. वय सेहेचाळीस. एका फोर्जिंग कारखान्यात अठरा वर्षे हॅमरवर काम केलेले. हातात कारखान्याची चार्जशीट. आरोप असा, की सुपरवायझरने वारंवार हाक मारूनही त्यांनी दुर्लक्ष केले, फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजत असताना ते वाटेतून बाजूला झाले नाहीत, सबब आज्ञाभंग व सुरक्षा नियमांचा भंग!

आम्ही विचारले, “असे का केलेत?” त्यावर ते म्हणाले, “वकीलसाहेब, जरा मोठ्याने बोला.”

सगळे प्रकरण त्या एका वाक्यात होते. पण चौकशी अधिकाऱ्यापुढे वाक्य चालत नाही, कागद लागतो. तो कागद आम्हाला मिळाला खुद्द व्यवस्थापनाकडूनच. हा माणूस ठणठणीत आहे, त्याला ऐकू येत नाही ही सबब खोटी आहे, हे सिद्ध करण्यासाठी कंपनीने त्याच्या चार वर्षांच्या वैद्यकीय तपासणीचे अहवाल चौकशीत दाखल केले. प्रत्येक अहवालाच्या तळाशी शिक्का होता, ‘फिट’. आणि त्याच कागदावर, त्या शिक्क्याच्या चार बोटे वर, कानाच्या तपासणीचा आलेख होता. पहिल्या वर्षी चार हजार हर्ट्झजवळ रेघ थोडी खाली वाकलेली. दुसऱ्या वर्षी आणखी खाली. तिसऱ्या वर्षी खळगा रुंदावलेला. चौथ्या वर्षी बोलण्याचे आवाज ज्या पट्टीत येतात तिथपर्यंत तो पोचलेला. सही करणाऱ्याने आलेख पाहिला नाही की पाहून सोडून दिला, हे आम्हाला ठाऊक नाही. कामगाराला मात्र तो कागद चौकशीच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसला.

तपासणी झाली, रुग्ण मात्र नव्हता

या घटनेला काय म्हणायचे? हा अपघात नव्हे, कारण यंत्रात कुणाचा हात गेला नाही. डॉक्टरने चुकीचे औषध दिले असेही नाही, औषध कुणी दिलेच नव्हते. तरीही एका माणसाचे कान गेले आणि ते जात असल्याचा पुरावा चार वर्षे एका कपाटात पडून होता. वैद्यकशास्त्रात याला नाव आहे. ज्या चुकीने वा हयगयीने रुग्णाला इजा झाली, किंवा होता होता राहिली, अशा प्रत्येक घटनेला रुग्णसुरक्षेला बाधा आणणारी घटना म्हणतात. अहवालात दोष दिसूनही तो रुग्णाला न सांगणे ही त्यातली अगदी ठळक घटना.

१९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावत असावीत, असा अंदाज त्यात होता. जग हादरले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी जागतिक आघाडी उभी केली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो आणि २०२४ साली त्याचा विषयच ‘अचूक निदान’ हा होता. मोठमोठ्या रुग्णालयांत त्या दिवशी फलक लागतात, शपथा होतात. पण कारखान्याच्या आरोग्य केंद्रात? तिथे हा शब्द पोचलेला नाही. कारण तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी रुग्ण मानतच नाही. तो स्वतःहून आलेला नसतो, कंपनीने पाठवलेला असतो. फी कंपनी देते, अहवाल कंपनीकडे जातो आणि ‘हा कामाला चालेल का?’ हा प्रश्नही कंपनीचाच असतो. ‘याला काय झाले आहे?’ हा प्रश्न विचारणारा त्या खोलीत कोणी नसतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे: ज्याच्या कानाला यंत्र लावले, ज्याचे रक्त काढले, ज्याच्या छातीचा फोटो काढला, तो रुग्ण आहे. त्या तपासणीत झालेली चूक ही रुग्णाविरुद्ध झालेली चूक आहे. ती शोधली पाहिजे, आणि कंपनी शोधणार नसेल तर आपण शोधली पाहिजे.

या पट्ट्याचा नकाशा

चिखली हे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले गाव. एका बाजूला मोठ्या मोटार कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कुदळवाडी, पलीकडे तळवडे आणि इंद्रायणी ओलांडून पुढे गेले की चाकण. या पट्ट्यात कामगाराच्या आरोग्याचे तीन दर्जे आहेत. मोठ्या कारखान्यात आरोग्य केंद्र आहे, डॉक्टर आहे, रुग्णवाहिका आहे. मधल्या कारखान्यात आठवड्यातून काही तास येणारा डॉक्टर आहे आणि वर्षातून एकदा दारात उभी राहणारी तपासणीची गाडी आहे. आणि लहान शेडमध्ये भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली मालकाच्या खिशात आहे.

हे तीन दर्जे कामाचे आहेत आणि जातीचेही आहेत. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही असा कामगार, या पायऱ्या उतरत गेले की मराठवाडा-विदर्भातून आलेली आपली माणसे, मातंग, भटके, आदिवासी आणि उत्तरेकडून आलेले दलित-मुस्लिम अधिकाधिक दिसू लागतात. धूळ, धूर, आवाज आणि ॲसिड हे सगळ्यांत खालच्या पायरीवर सगळ्यांत जास्त.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा महिला गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणींनी पुढच्या दिवसांत उपचारादरम्यान प्राण सोडले. परवानाच नव्हता, तिथे आरोग्य तपासणी कसली आणि नोंद कसली? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील हजारो अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर चालवला. भंगार कापणारे, केमिकलचे रिकामे ड्रम धुणारे, प्लॅस्टिक दळणारे हात एका आठवड्यात पांगले. शेडच्या कायदेशीरपणावर पुष्कळ लिहून आले. पण त्या शेडमध्ये वर्षानुवर्षे जे फुफ्फुसात गेले, ते अंगात घेऊन ही माणसे कुठे गेली, याची नोंद कुणाकडे आहे? उद्या त्यातल्या कुणाला दम लागला तर कोणता डॉक्टर त्याला विचारील, ‘बाबा, तू कुदळवाडीत काय काम करत होतास?’

अठ्ठेचाळीस तासांची पळवाट

चूक लपते कशी, हे कायदा वाचल्याशिवाय कळत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८८ नुसार अपघातामुळे कामगार ४८ तास वा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना सरकारला द्यावी लागे. आता तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्यातही ४८ तासांची तीच मर्यादा आहे.

आता पाहा. प्रेसवर एका पोराची दोन बोटे चेपली. जवळच्या खासगी दवाखान्यात टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी त्याच्या दारात हजर. हाताला पट्टी, गळ्यात झोळी आणि पोरगा टाईम ऑफिसमध्ये खुर्चीवर बसलेला. काम काही नाही, पण हजेरी लागली! ४८ तास भरले नाहीत, सूचना गेली नाही, आणि गेटवरच्या ‘अपघातविरहित दिवस’ या फलकावरचा आकडा एकने वाढला. आम्ही असे पोरगे पाहिले आहेत. त्यांतल्या एकाची जखम त्या खुर्चीवर बसूनच चिघळली आणि तिसऱ्या आठवड्यात बोट पेरापासून काढावे लागले. ही रुग्णसुरक्षेची घटना नव्हे काय? तिची नोंद कुठेही नाही.

दुसरी पळवाट राज्य कामगार विम्याची, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्याची. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो आणि कायमचे व्यंग राहिले तर त्याची वेगळी भरपाई मिळते. पण तीच इजा ‘आजारपण’ म्हणून लिहिली गेली, तर दर ७० टक्के, मुदत वर्षाला ९१ दिवस आणि कायमच्या व्यंगाचा प्रश्नच मिटला. ‘घरी पडून लागले’ असे चार शब्द केसपेपरवर लिहिले की काम झाले. ते शब्द रुग्ण सांगत नाही. सोबत आलेला सुपरवायझर सांगतो. दुखणाऱ्या माणसाने तेव्हा मान डोलावलेली असते आणि दोन वर्षांनी दावा दाखल करताना तीच मान आडवी येते.

विम्याचे कार्डच नसेल तर तेही नाही. हरियाणाच्या मोटार पट्ट्यातून काम सुरू केलेली ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. पुष्कळ जखमी कामगारांचे विम्याचे कार्ड अपघात झाल्यानंतरच निघाले, हे त्यात पुन्हा पुन्हा आढळले आहे. चाकणच्या कामगाराला हे वाचून नवल वाटणार नाही.

यंत्र बरोबर, तपासणी चूक

मधल्या कारखान्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल बोलू. कानाची तपासणी शांत खोलीत व्हावी लागते आणि त्याआधी बारा-चौदा तास तरी कामगार मोठ्या आवाजापासून दूर असावा लागतो. कारण आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचे कान काही काळ बधिर असतात. पण तपासणी होते पाळीच्या मध्येच, कॉम्प्रेसरच्या शेजारी. अशा तपासणीतून खरे काय आणि तात्पुरते काय, हे कुणालाच सांगता येत नाही. मग ‘गोंगाटामुळे असे आले’ म्हणून सगळ्यांचेच खळगे माफ होतात. ज्याचे कान खरोखर जात आहेत, तोही त्या माफीत बुडतो.

छातीच्या जोराच्या तपासणीत माणसाने पूर्ण श्वास घेऊन नळीत जीव तोडून फुंकायचे असते, आणि किमान तीन फुंका बिनचूक आल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही. रांगेत दोनशे माणसे असली की एक फुंक होते, पुढचा येतो. छातीचा एक्स-रे धुळीच्या आजारासाठी वाचण्याची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची ठरलेली पद्धत आहे, नमुन्याच्या चित्रांशी ताडून पाहायची. ती शिकलेला डॉक्टर आपल्या पट्ट्यात शोधावा लागतो. आणि हे सारे झाले तरी शेवटचे पाऊल, म्हणजे कामगाराला समोर बसवून त्याच्या भाषेत अहवाल सांगणे, ते तर कोणाच्याच कामात धरलेले नाही.

गोंगाटाने गेलेले कान परत येत नाहीत. आतले नाजूक केस एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच पहिल्या वर्षीचा लहानसा खळगा मोलाचा असतो. त्याच वेळी आमच्या गृहस्थांना हॅमरवरून हलवले असते, कानाला योग्य संरक्षण दिले असते, तर चौथा आलेख तसा आलाच नसता. एकाच चुकीला तीन वेळा दुरुस्तीची संधी मिळाली आणि तिन्ही वेळा शिक्का पडला.

सरकारने जाहीर केले आहे की नव्या संहितेनुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होईल. स्वागत आहे. पण प्रेसवर आणि हॅमरवर उभे असणारे कंत्राटी पोरगे विशी-पंचविशीतले आहेत. कान पहिल्या काही वर्षांतच जायला लागतात, चाळिशीची वाट पाहत नाहीत. शिवाय वीज वापरणाऱ्या जागेत कारखाना ठरण्यासाठी केंद्रीय कायद्यात जिथे दहा कामगार पुरत, तिथे संहितेने वीस केले आहेत. बारा कामगारांची कुदळवाडीची शेड आता कोणाच्या नजरेत येणार?

क्षय म्हणून गेलेले जीव

निदानाची चूक किती महाग पडते, हे पाहायचे असेल तर गोध्र्याकडे पाहा. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार भागांतील आदिवासी गुजरातेतल्या गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला जात. काही महिन्यांच्या कामातच फुफ्फुसांत सिलिकाची धूळ भरे. खोकला, ताप, वजन उतरणे ही लक्षणे क्षयासारखीच दिसतात आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. त्यामुळे गावच्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू होत. ‘काय काम करत होतास?’ हा प्रश्न कोणी विचारत नसे. माणसे मरत गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. मरणानंतर तीन लाख! जिवंतपणी एक प्रश्न विचारला असता तर?

हे दूरचे वाटत असेल तर मुंबई पाहा. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲसबेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या दर पाच कामगारांमागे एकाहून अधिक जणांना ॲसबेस्टॉसिस निघाला. शोधणारे स्वतंत्र होते, म्हणून सापडला. आपल्या पट्ट्यातल्या फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणारा, कास्टिंग घासणारा कामगार तीच सिलिका श्वासात घेतो. त्याच्या हातात क्षयाचे कार्ड दिसले तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे आता वाचकांना सांगायला नको.

बाबासाहेबांनी घातलेला पाया

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, तो याच काळात. त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी केंद्रीय सल्लागार यंत्रणा १९४५ मध्ये निघाली, तीही याच काळात. आणि डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. फाईलवर अहवाल येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

त्या पायावर पुढे कायद्याची बरीच वीट चढली. कलम ८९ ने ठरावीक व्यवसायजन्य आजार आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरवरच सरकारला कळवण्याचे बंधन टाकले. न कळवणाऱ्याला दंड होता एक हजार रुपये. नव्या संहितेतही अशा २९ आजारांची यादी आहे आणि गोंगाटाने आलेला बहिरेपणा व सिलिकोसिस दोन्ही तिच्यात आहेत. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला, तो नव्या संहितेतही आला आहे. १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ॲसबेस्टॉस उद्योगाला कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये किशोरीलाल प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की ईएसआय रुग्णालयात उपचार घेणारा विमाधारक हा ग्राहक आहे आणि तिथल्या हयगयीबद्दल तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. आणि डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात.

कायदा आहे. कागद मागणारा नाही.

चूक शोधायची कशी?

रुग्णालयांनी एक धडा शिकला आहे. ‘आमच्याकडून चूक झाली’ असे कोणी स्वतःहून लिहून देईल, याची वाट पाहत बसले तर फारच थोड्या चुका हाती लागतात. म्हणून अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने वेगळी पद्धत रूढ केली. काही ठरावीक खुणा घ्यायच्या, फाईल उघडायच्या आणि त्या खुणा शोधायच्या. खूण सापडली की तिथे थांबून खोलात जायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने इतर पद्धतींच्या निदान दहापट घटना सापडल्या. फाईल त्याच होत्या, फक्त वाचणाऱ्याने शोधायचे ठरवले होते.

हे आपल्याला जमण्यासारखे नाही काय? आमच्या रविवारच्या टेबलावर आम्ही आता पुढील खुणा शोधतो.

कानाचा किंवा छातीचा अहवाल वर्षागणिक उतरत असून खाली ‘फिट’ लिहिले आहे काय? दोनशे कामगारांचे रक्तदाबाचे आकडे एकसारखे आहेत काय? तसे असतील तर तपासणी झालीच नाही, आकडे भरले गेले. ‘अनफिट’ ठरलेला कामगार पुढच्या महिन्यात त्याच यंत्रावर आहे, की घरी बसवला आहे? दोन्ही चूकच, त्याला दुसरे काम मिळायला हवे. टाके पडलेल्या दिवसानंतर लगेच हजेरी लागली आहे आणि उत्पादनाचा आकडा शून्य आहे काय? केसपेपरवर इजेचे ठिकाण ‘घर’ आणि वेळ पाळीची आहे काय? फाउंड्रीत किंवा दगडाच्या कामात असलेल्याला क्षयाचा दुसरा कोर्स चालू आहे काय? एकाच खात्यातले तीन-चार जण एकाच वर्षात ‘स्वेच्छेने’ राजीनामा देऊन गेले आहेत आणि सगळ्यांना दमच लागत होता काय? कापलेले बोट रुग्णालयात कसे पोचले? ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही, आणि ही चूक प्रथमोपचार शिकवलेला एक माणूस टाळू शकतो.

यातली एक खूण दिसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. मात्र तिथून पुढे विचारायला सुरुवात करायची.

आपलेही चुकते

सगळा दोष डॉक्टरवर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. कारखान्याचा डॉक्टर अनेकदा स्वतःच कंत्राटी असतो. दहा जणांना ‘अनफिट’ लिहिले तर पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारात कारखान्याच्या आरोग्यसेवेला मालक आणि कामगार या दोघांपासून पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावे, असे म्हटले आहे. चूक कबूल करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकेला शिक्षा होणार असेल तर चूक कधीच बाहेर येणार नाही, हेही खरे. पण चूक सांगणाऱ्याला अभय देणे आणि चूक दाबणाऱ्याला मोकळे सोडणे, यांत फरक आहे आणि तो कायद्याने राखला पाहिजे.

आणि आपण? आमच्या संघटना पगारवाढीच्या करारात कँटीनच्या चहापर्यंत भांडतात, पण वैद्यकीय अहवालाची प्रत प्रत्येकाला मिळावी हे कलम आम्ही किती करारांत पाहिले? बोटावर मोजण्याइतक्या. कामगार स्वतःही दमा लपवतो, कमी ऐकू येते हे लपवतो, कारण ‘अनफिट’ म्हणजे घरी, आणि घरी म्हणजे मुलांची शाळा बंद. ही भीती खोटी नाही. म्हणून कागदाच्या मागणीबरोबर पर्यायी कामाची मागणी जोडलेली असली पाहिजे. एकट्या कामगाराने कागद मागितला तर तो नजरेत भरतो. सगळ्या खात्याने एकाच दिवशी मागितला तर कुणाला वेगळे काढता येत नाही. चळवळीने करायचे काम हेच आहे.

प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. वस्तीतला कोण, कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या धुळीत वा आवाजात काम करतो आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढेच लिहायचे. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मुली आहेत, विधी महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. महिन्यातून दोन तास त्यांनी या वहीला द्यावेत. कुदळवाडीतून पांगलेल्यांची वही तर आजच सुरू झाली पाहिजे, कारण त्यांच्या कामाचा दुसरा कोणताही पुरावा उरलेला नाही.

आमच्या गृहस्थांचे पुढे काय झाले? सरकारी रुग्णालयात त्यांची नव्याने, शांत खोलीत तपासणी करून घेतली. तो अहवाल आणि कंपनीचेच चार अहवाल आम्ही चौकशीत एकाखाली एक लावून दाखल केले. चौकशी अधिकाऱ्याने पुढची तारीख दिली आहे. व्यवसायजन्य आजाराचा दावा ईएसआयकडे गेला आहे आणि वैद्यकीय मंडळाची वाट पाहणे चालू आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण त्यांच्या खात्यातल्या अकरा जणांनी एकाच दिवशी आपापल्या अहवालाची लेखी मागणी केली. सात जणांना प्रती मिळाल्या. गेल्या रविवारी त्या सातही प्रती आमच्या टेबलावर होत्या.

त्यातल्या पाच आलेखांत चार हजार हर्ट्झजवळ खळगा आहे. पाचही कागदांच्या तळाशी ‘फिट’ लिहिलेले आहे. उरलेल्या चौघांना प्रती का मिळाल्या नाहीत, हे विचारणारी नोटीस आम्ही धाडली आहे.